लशीची जात ओळखा, कार्ड आपोआप वाचता येईल

रानजाई (धागाकर्ती)

बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर एका रकान्यात तोंडावाटे थेंब असतात, दुसऱ्यात मांडीत सुई, तिसऱ्यात दंडाच्या कातडीत फक्त ०.१ मिली. काही लशी चार-चार आठवड्यांनी तीनदा, काही थेट नवव्या महिन्यात. पालक विचारतात, "एवढं गुंतागुंतीचं कशाला? सगळं एकदाच का देत नाहीत?" लस कशापासून बनली आहे ते एकदा कळलं की या रकान्यांमागचं कारण दिसायला लागतं, म्हणून हा धागा.

आधी समान भाग. लस टोचली की तिथल्या डेंड्रिटिक पेशी तिचे तुकडे उचलतात आणि जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, नेतात. तिथे मदतनीस टी सेल जाग्या होतात, त्या अँटीबॉडी बनवणाऱ्या बी सेलना इशारा देतात, आणि बी सेलची भराभर वाढ होऊन त्यांची निवड सुरू होते. ज्यांची अँटीबॉडी घट्ट चिकटते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. आधी आयजीएम येते, मग आयजीजी (हे अँटीबॉडीचेच दोन प्रकार). पहिल्या डोसनंतर आयजीजी शिखरावर पोचायला साधारण चार आठवडे लागतात. काही बी सेल अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षं अँटीबॉडी बनवतात आणि काही स्मृतिपेशी म्हणून फिरत राहतात.

आता फरक.

जिवंत पण दुर्बल केलेल्या लशी: बीसीजी (क्षय), तोंडावाटे पोलिओ, रोटा (जुलाब), गोवर-रुबेला (एमआर). या शरीरात थोड्या वाढतात. एमआरच्या एका डोसात किमान १००० जिवंत विषाणू-एकके असावी लागतात. पुढची वाढ शरीरातच होते. खऱ्या संसर्गासारखंच घडत असल्याने अँटीबॉडीबरोबर मारेकरी टी सेलही तयार होतात आणि संरक्षण दीर्घकाळ टिकतं. किंमत अशी की लशीतला जंतू जिवंतच राहायला हवा. उष्णतेने मेला तर उरतं ते नुसतं पाणी.

मृत लशी: सुईचा पोलिओ (आयपीव्ही), रेबीज, ट्रिपलमधला डांग्या खोकल्याचा संपूर्ण जिवाणू. या वाढत नाहीत, म्हणून एका डोसात पुरेसा माल द्यावा लागतो आणि तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो.

टॉक्सॉइड: घटसर्प आणि धनुर्वात. इथे जिवाणूशी लढायचंच नाही, त्याच्या विषाशी लढायचं. विष फॉर्मल्डिहाइडने निष्प्रभ करतात, पण त्याचा आकार टिकतो आणि शरीर तो ओळखायला शिकतं. धनुर्वातातून बरा झालेला माणूससुद्धा पुन्हा धनुर्वाताला बळी पडू शकतो, कारण जीव घेणारं विषाचं प्रमाण प्रतिकारशक्ती जागी करायला लागणाऱ्या प्रमाणापेक्षा कमी आहे. म्हणून बऱ्या होणाऱ्या रुग्णालाही लस पूर्ण करावी लागते. शिवाय धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, तो मातीतून येतो. आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्याला शून्य फायदा.

तुकड्यांच्या लशी: हेपॅटायटिस बी, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू). फक्त एक प्रथिन, यीस्टसारख्या पेशीत बनवलेलं. एचपीव्हीचं एल१ प्रथिन आपोआप जुळून विषाणूच्या आकाराचा पोकळ गोळा बनतो. आत जनुकद्रव्य नसतं, त्यामुळे संसर्ग अशक्य.

यातला एक सोपा धागा हाती येतो: ताप कधी आला ते बघा. पेंटाव्हॅलंटचा (पेंटा, पाच आजारांची एकत्र लस) ताप त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी येतो, कारण माल आयता टोचलेला असतो. एमआरचा ताप आणि बारीक पुरळ साधारण पाचव्या ते बाराव्या दिवशी, कारण विषाणूला वाढायला तेवढे दिवस लागतात. एमआर दिल्याच्या रात्रीच ताप आला तर तो बहुधा सोबत दिलेल्या दुसऱ्या लशीचा किंवा वेगळ्याच आजाराचा.

---

तळ्यातमळ्यात

छान. पण मग एमआर नऊ महिन्यांपर्यंत का थांबवतात? सहा आठवड्यांना पेंटाबरोबर दिली तर एक फेरी वाचेल.

---

बालवैद्य_नगर

आईच्या अँटीबॉडीमुळे. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आईचं आयजीजी वारेतून बाळाकडे जातं आणि काही महिने टिकतं. ते बाळाला गोवरापासून वाचवतं, पण लशीतला जिवंत विषाणू वाढण्याआधीच त्याला पकडतंही. विषाणू वाढला नाही म्हणजे शिकवणी झाली नाही. नवव्या महिन्यात दिली तर साधारण ८५ टक्के मुलांत संरक्षण तयार होतं, बाराव्या महिन्यात दिली तर ९५ टक्क्यांच्या आसपास. मग बारा का नाही? आपल्याकडे गोवर तेवढी वाट बघत नाही. तान्ह्या बाळांनाच तो जास्त मारतो.

इथेच एक गैरसमज आहे. १६ ते २४ महिन्यांची एमआरची दुसरी मात्रा बूस्टर समजून लोक टाळतात: "एकदा झालंय की." तिचा मुख्य उद्देश पहिल्या वेळी न लागलेल्या मुलांना पुन्हा संधी देणं हा आहे. कोणाला लागली नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच द्यायची. ट्रिपलचा बूस्टर वेगळा. तिथे पहिल्या तीन मात्रा लागलेल्या असतात, पण अँटीबॉडी उतरत जातात, त्या पुन्हा वर न्यायच्या असतात.

पेंटामध्ये जिवंत काही नाही, त्यामुळे आईच्या अँटीबॉडीचा अडथळा कमी. आणि डांग्या खोकला पहिल्या काही महिन्यांतच घातक असतो, म्हणून सहा आठवड्यांपेक्षा उशीर नको.

---

शीतसाखळी

रानजाई, "उष्णतेने मेला तर" इतकंच लिहून थांबलात. प्रत्यक्षात फ्रिजमध्ये लस जास्त वेळा गोठून वाया जाते, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

हेपॅटायटिस बी, पेंटा, डीपीटी (ट्रिपल), टीडी (धनुर्वात-घटसर्प), पीसीव्ही (न्यूमोकोकस) यांत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. अँटिजेन, म्हणजे शरीराने ओळखायचा लशीतला भाग, त्या कणांना चिकटलेलं असतं, ते टोचलेल्या जागी हळूहळू सुटतं आणि डेंड्रिटिक पेशींना बोलावून आणतं. लस गोठली की कणांचे गठ्ठे होतात, वितळल्यावर ते पूर्वीसारखे सुटे होत नाहीत. ताकद जाते आणि टोचल्या जागी गळूही होऊ शकतं. हेपॅटायटिस बी तर उणे ०.५ अंशालाच गोठते. म्हणून आयएलआरमध्ये (लशींच्या खास फ्रिजमध्ये) २ ते ८ अंश, आणि या व्हायल तळाशी ठेवायच्या नाहीत, टोपलीत वर ठेवायच्या. व्हॅक्सिन कॅरियरमध्ये डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तसाच घालायचा नाही. तो बाहेर ठेवून कंडिशन करायचा: हलवल्यावर आतला बर्फ पाण्यात खुळखुळला की मग भरायचा.

व्हायल कडक गोठलेली दिसली तर चाचणी वगैरे न करता बाद. नुसता संशय असेल तर शेक टेस्ट: त्याच बॅचची एक व्हायल मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित व्हायलसोबत जोरात हलवायची, दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि अर्ध्या तासात गाळ कसा बसतो ते बघायचं. संशयित व्हायलचा गाळ गोठवलेल्याइतकाच किंवा त्याहून लवकर बसला तर फेकायची. आयपीव्ही गोठल्याने खराब होते, पण तिच्यात अॅल्युमिनियम नाही, म्हणून तिला शेक टेस्ट लागू नाही.

आणि व्हीव्हीएम, म्हणजे लेबलवरचा तो चौकोन, फक्त उष्णता मोजतो. गोठलेल्या व्हायलचा व्हीव्हीएम अगदी व्यवस्थित दिसतो. "चौकोन पांढरा आहे, लस चांगली" हे वाक्य अर्धवट आहे.

---

खडीसाखर

सत्रात बीसीजी आणि एमआरची उघडलेली बाटली चार तासांनी फेकतात. पेंटाची मात्र परत नेतात. उधळपट्टी वाटते.

---

शीतसाखळी

उधळपट्टी नाही. पेंटा, डीपीटी, टीडी, हेपॅटायटिस बी, पोलिओ थेंब, आयपीव्ही, पीसीव्ही या उघडलेल्या व्हायल २८ दिवसांपर्यंत वापरता येतात, पण अटी आहेत: मुदत संपलेली नसावी, व्हीव्हीएम ठीक असावा, व्हायल गोठलेली नसावी, पाण्यात बुडलेली नसावी आणि उघडल्याची तारीख-वेळ लिहिलेली असावी. यांतल्या बऱ्याच लशींत जंतू वाढू न देणारा पदार्थ असतो, उदाहरणार्थ थायोमर्सल. बीसीजी-एमआरमध्ये तो घालता येत नाही, कारण तो लशीतल्या जिवंत जंतूलाही मारेल. मग सुई टोचताना रबरातून आत गेलेला एखादा स्टॅफिलोकोकस त्या द्रवात मजेत वाढतो आणि विष सोडतो. अशी व्हायल संध्याकाळी वापरली तर काही तासांत बाळाला प्रचंड ताप, उलट्या, जुलाब, आणि टॉक्सिक शॉकने मृत्यू. म्हणून चार तास किंवा सत्र संपेपर्यंत, जे आधी होईल ते.

डायल्युएंटबद्दलही, म्हणजे कोरडी लस ज्यात विरघळवतात त्या द्रवाबद्दल: बीसीजीचं सलाइन, एमआरचं निर्जंतुक पाणी. अदलाबदल चालत नाही. ज्या कंपनीची लस तिचंच डायल्युएंट, आणि ते मिसळण्यापूर्वी २४ तास थंड केलेलं. कोमट द्रव ओतला तर विषाणू तिथेच मरतो. २०१४ साली सीरियात इदलिबमध्ये गोवराच्या लशीत डायल्युएंटऐवजी अॅट्राक्युरियम हे स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ बालकं दगावली. लस निर्दोष होती. फ्रिजमध्ये लशीशेजारी दुसरी कुठलीही औषधं ठेवू नका हा नियम त्यासाठीच.

---

परळकर

या यादीत आपल्याच मुंबईशी जोडलेलं जुनं प्रकरण हवं. वाल्देमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवली, उष्णतेने मारलेल्या जिवाणूंची. १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. १९०२ मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले, सगळे एकाच बाटलीतली लस घेतलेले. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. नंतर उघड झालं की गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला. १९०७ मध्ये त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. मृत लस असूनही घात झाला तो मातीतल्या धनुर्वाताच्या बीजाणूंनी.

---

अर्धासंशयी

पोलिओचे थेंब आणि पोलिओची सुई दोन्ही कशाला? एक निवडा की. थेंबांमुळेच पोलिओ होतो असंही वाचलं आहे.

---

रानजाई

ते वाचलेलं पूर्ण खोटं नाही, म्हणून नीट लिहिते.

थेंबातला विषाणू आतड्यात वाढतो आणि तिथल्या अस्तरात आयजीए ही अँटीबॉडी तयार होते. पुढे खरा पोलिओ पोटात गेला तर त्याला आतड्यात जागाच मिळत नाही. मूल स्वतः वाचतं आणि विष्ठेतून इतरांना विषाणू देतही नाही. सुईची लस रक्तात आयजीजी तयार करते. त्यामुळे विषाणू मज्जासंस्थेपर्यंत पोचत नाही, लकवा टळतो. पण आतड्यातली प्रतिकारशक्ती तोकडी राहते, मूल विषाणू पसरवू शकतं. म्हणजे साखळी तोडायला थेंब, आणि त्या मुलाच्या पायांची हमी द्यायला सुई.

थेंबांचा दोष असा की आतड्यात वाढताना विषाणू क्वचित बदलून पुन्हा लकवा करणारा होऊ शकतो. जिथे बरीच मुलं लशीविना आहेत तिथे असा बदललेला विषाणू पसरतो. यातला मोठा वाटा टाइप २ चा होता, आणि नैसर्गिक टाइप २ जगातून आधीच संपला होता. म्हणून एप्रिल २०१६ मध्ये तिहेरी थेंब बंद करून टाइप १ आणि ३ चे दुहेरी थेंब आणले. टाइप २ पासून संरक्षण आता आयपीव्हीवर आहे. आयपीव्ही चुकवली तर ते भोक उघडंच राहतं, कितीही पल्स पोलिओ घ्या.

भारतातली शेवटची नैसर्गिक पोलिओची केस जानेवारी २०११ मधली, हावड्याची. शेजारी देशांत विषाणू अजून आहे, म्हणून थेंब थांबलेले नाहीत.

---

बालवैद्य_नगर

आयपीव्हीला जोड: सरकारी कार्यक्रमात ती ०.५ मिली मांडीत न देता ०.१ मिली दंडाच्या कातडीत देतात. सहाव्या आठवड्याला, चौदाव्या आठवड्याला आणि २०२३ पासून नवव्या महिन्यालाही. पाचवा हिस्सा मात्रा पाहून "सरकार पाणी देतं" म्हणणारे भेटतात. कातडीत डेंड्रिटिक पेशी दाट असतात, स्नायूत विरळ. कातडीतल्या दोन अपूर्णांक मात्रा स्नायूतल्या एका पूर्ण मात्रेपेक्षा जास्त अँटीबॉडी देतात. अट एकच: लस खरोखर कातडीतच गेली पाहिजे. सुई जवळजवळ आडवी, भोक वर, आणि टोचताना संत्र्याच्या सालीसारखा पांढरट फुगवटा उठला पाहिजे. फुगवटा नाही म्हणजे लस खालच्या चरबीत गेली. तिथे ०.१ मिलीचा उपयोग फारसा होत नाही.

---

नवआई_ठाणे

खासगीत "पेनलेस" ट्रिपल मिळते, तीच घ्यावी का? आणि लस द्यायच्या आधी पॅरासिटामॉल दिलं तर?

---

बालवैद्य_नगर

ताप आणि सूज मुख्यतः डांग्या खोकल्याच्या भागामुळे येते. सरकारी पेंटात त्याचा संपूर्ण मारलेला जिवाणू असतो. "पेनलेस"मध्ये फक्त दोन-तीन-पाच शुद्ध प्रथिनं. म्हणून ताप कमी, रडणं कमी. पण संपूर्ण जिवाणूने दिलेलं संरक्षण जास्त काळ टिकतं, प्रथिनांचं लवकर उतरतं. बूस्टर वेळेवर देण्याची खात्री असेल तर दोन्ही चालतात. माझं मत विचाराल तर एका रात्रीच्या तापासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. अपवाद: आधीच्या डोसनंतर झटके आले असतील किंवा बाळाला मेंदूचा वाढत जाणारा आजार असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला.

पॅरासिटामॉल आधीच देऊ नका. तापाआधी दिल्यास काही लशींना अँटीबॉडीचा प्रतिसाद कमी आल्याचं दिसलं आहे. ताप आला, बाळ बेचैन असेल, तर वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलीग्रॅम. बाटलीवर मिलीग्रॅम वाचा. थेंबांचं आणि सिरपचं प्रमाण वेगळं असतं आणि घोळ तिथेच होतो. टोचल्यानंतर अर्धा तास केंद्रावरच थांबा, अॅनाफिलॅक्सिस (तीव्र अॅलर्जी) झाला तर तो बहुधा तेवढ्यात कळतो.

---

प्रथिनवाला

धाग्यात एक जात राहिली: संयुग्मित, म्हणजे कॉन्जुगेट लस. हिब (पेंटातला पाचवा घटक), न्यूमोकोकस म्हणजे पीसीव्ही, आणि विषमज्वराची नवी लस.

या जिवाणूंभोवती साखरेचं वेष्टन असतं आणि संरक्षण देणारी अँटीबॉडी त्या साखरेविरुद्धच हवी. पण मदतनीस टी सेलना फक्त प्रथिनांचे तुकडे दाखवता येतात, नुसती साखर नाही. टी सेलच्या मदतीविना बी सेल जे काही बनवते ते मुख्यतः आयजीएम, थोडा काळ टिकणारं, स्मृती नसलेलं. दोन वर्षांखालच्या बाळात तर तेही नीट होत नाही, आणि नेमका याच वयात मेंदुज्वर व न्यूमोनिया जास्त. उपाय: साखर एका प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडा. बी सेल साखर पकडते, सोबत प्रथिनही गिळते, त्याचे तुकडे टी सेलला दाखवते आणि मदत मिळवते. जोडीदार प्रथिन म्हणून धनुर्वाताचं टॉक्सॉइड किंवा सीआरएम१९७ (घटसर्पाच्या विषाचं निष्प्रभ रूप) वापरतात.

व्यवहारात: विषमज्वराची जुनी साखर-लस दोन वर्षांखाली निरुपयोगी आणि दर तीन वर्षांनी परत घ्यावी लागते. कॉन्जुगेट सहा महिन्यांपासून चालते. दुकानात दोन्हींना "टायफॉइडची लस"च म्हणतात, म्हणून खोक्यावर "कॉन्जुगेट" शब्द बघून घ्या.

---

तळ्यातमळ्यात

कोविडच्या लशी कुठे बसतात?

---

प्रथिनवाला

कोवॅक्सिन: संपूर्ण मारलेला विषाणू, जुनी पद्धत, २८ दिवसांनी दुसरा डोस. कोविशिल्ड: चिंपांझीचा अॅडिनोव्हायरस, वाढण्याची क्षमता काढलेला, आत कोरोनाच्या काट्याच्या (स्पाइक) प्रथिनाचं जनुक. पेशी ते वाचून काटा बनवते. पेशीच्या आत बनल्यामुळे मारेकरी टी सेलही जाग्या होतात. अंतर मे २०२१ मध्ये १२ ते १६ आठवडे केलं, कारण लांब अंतराने दुसऱ्या डोसचा प्रतिसाद चांगला येत होता. एमआरएनए: मेदाच्या सूक्ष्म गोळ्यात गुंडाळलेला निरोप. तो पेशीद्रवातच वाचला जातो, केंद्रकात जात नाही, काही दिवसांत तुटून जातो. सुधारित एमआरएनएच्या शोधासाठी कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं. पुण्याच्या जेनोव्हाने २ ते ८ अंशांत राहणारी एमआरएनए लस बनवली. अहमदाबादच्या झायडसची झायकोव्ह-डी ही डीएनए लस, सुईविना, त्वचेत दाबाने. डीएनए केंद्रकापर्यंत पोचवावं लागतं, म्हणून तिचे तीन डोस.

---

कोकणकडा

कुत्रा चावल्यावर लस घेऊनही वर सिरम का? दोन्ही एकच ना?

---

रानजाई

नाही. लस शरीराला अँटीबॉडी बनवायला लावते, त्याला ७ ते १४ दिवस लागतात. सिरम म्हणजे तयार अँटीबॉडी, तत्काळ काम करते, काही आठवड्यांत संपते. रक्त येईल अशी जखम असेल तर पहिल्या आठवड्याची पोकळी सिरम भरून काढतं. ते जखमेत आणि जखमेभोवतीच भरायचं. दंडात दिलं तर जखमेतल्या विषाणूपर्यंत पुरेसं पोचत नाही. मात्रा: माणसाचं सिरम दर किलोला २० युनिट, घोड्याचं ४० युनिट. पहिल्या लशीपासून सात दिवसांनंतर देत नाहीत, कारण तोवर स्वतःच्या अँटीबॉडी सुरू होतात आणि सिरम त्यांच्या आड येतं.

लस कातडीत: ०, ३, ७, २८ या दिवशी दोन्ही दंडांत ०.१ मिली. स्नायूत: ०, ३, ७, १४, २८. कुल्ल्यावर कधीही नाही. चरबीत ती अडकते. आधी पूर्ण कोर्स झालेल्याला फक्त ० आणि ३, सिरम नको, स्मृतिपेशी आहेत. आणि सगळ्यांच्या आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुणं. हळद, चुना, तिखट काही लावू नका.

---

नवआई_ठाणे

गावी गेल्याने पेंटाचा दुसरा डोस दोन महिने लांबला. पहिल्यापासून सुरू करायचं?

---

बालवैद्य_नगर

नाही. स्मृतिपेशी पुसल्या जात नाहीत, जिथे थांबलात तिथून पुढे चला. अंतर वाढलं तर अँटीबॉडी कमी बनत नाहीत. तोटा एवढाच की मधल्या काळात बाळ उघडं राहतं. उलट दिशेने मात्र कडक नियम: चार आठवड्यांच्या आत पेंटाचा दुसरा डोस नको. आधीच्या अँटीबॉडी नवा माल खाऊन टाकतात आणि लसिकाग्रंथीतली निवड पूर्ण झालेली नसते. टोचायच्या दोन जिवंत लशी एकाच दिवशी द्या किंवा चार आठवड्यांच्या अंतराने. मधल्या काळात पहिलीने उठवलेलं इंटरफेरॉन (विषाणूला रोखणारं प्रथिन) दुसरीच्या विषाणूला वाढू देत नाही. कुणाला जास्त मात्रेत स्टेरॉइड चालू असेल, केमो असेल किंवा गरोदरपण असेल तर जिवंत लस नाही. मृत, टॉक्सॉइड, कॉन्जुगेट चालतात.

---

खडीसाखर

शेवटचं. बीसीजीचा वण उठलाच नाही तर?

---

बालवैद्य_नगर

पुन्हा देत नाहीत. बीसीजीचं काम अँटीबॉडीपेक्षा टी सेलवर चालतं आणि वण हे त्याचं मोजमाप नाही. नेहमीचा क्रम: दोन-तीन आठवड्यांनी डाव्या दंडावर बारीक गाठ, मग फोड, थोडा पू, सहा ते बारा आठवड्यांत वण. हे चालू असताना मलम, पावडर, शेक, पट्टी काही नको. पिळू तर अजिबात नका. अंघोळ नेहमीसारखी. नवजात बाळाला मात्रा ०.०५ मिली, महिन्यानंतर ०.१, जास्त गेली किंवा कातडीखाली खोल गेली तर गळू होतं आणि डाव्या बगलेत गाठ सुजते. लहान कडक गाठ आपोआप बसते. दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, मऊ पडली किंवा वरची कातडी लाल झाली तर दाखवा.